गहाळ

केमीच्या खाडीवर बर्फ अजून ट्रक पेलतोय
आणि बाबांच्या डिस्कवर चौदा हजार गाणी आहेत,
फोल्डरच्या पोटात फोल्डर, त्याच्या पोटात आणखी एक:
'नाचाची', 'नाचाची नवी', 'नवी खरी',
'गाडीत', 'आउनेला नको दाखवू'.
कागद गिरणीतली पाळी संपवून यायचे
आणि एकेक कॅसेट कॉम्प्युटरला पाजायचे.
अकरा हिवाळे.

नोव्हेंबरात मेंदूतली एक नस तुंबली.
आता बाबांना चमचा कळतो, चमचा म्हणता येत नाही.
तो, म्हणतात. तो. तो. तो.
पण वाचा-उपचारवाल्या सिनिक्काबाईंनी
एक जुना टँगो लावला, ओळी मोठ्या अक्षरांत समोर धरल्या
आणि हा माणूस अथपासून इतिपर्यंत गायला,
आमच्या पंधरा विभक्त्यांतली
एकही न चुकता.

'म्हणजे शब्द डोळ्यांसमोर हवेत,' त्या म्हणाल्या,
'प्रत्येक गाण्याचे.'

मी बर्फफोड्या जहाजावरचा मेकॅनिक.
पुतण्याकडून शिकलो तेवढ्यावर रात्री स्क्रिप्ट लिहायला बसलो.
फोल्डर उघड. आत फाईल असेल
तर तिचा शब्दांचा टॅग बघ, रिकामा असला की नाव छाप.
आत फोल्डर असेल तर
हेच सगळं पुन्हा, त्याच्या आत शिरून.
स्वतःलाच हाक मारायची
आणि हाक परत येईस्तोवर दारात उभं राहायचं.

पहिल्यांदा ती नावांमधल्या मोकळ्या जागांत पाय अडकून पडली.
'सरोवरावरची शेवटची रात्र'चे तीन तुकडे केले,
तिन्ही सापडत नाहीत म्हणाली.
नाव अवतरणचिन्हांत धरावं लागतं,
मोकळ्या जागेसकट.

दुसऱ्यांदा परतलीच नाही.
'गाडीत'च्या तळाशी एक शॉर्टकट होता
वरच्याच फोल्डरकडे बोट दाखवणारा;
ती उतरायची, वर निघायची, पुन्हा उतरायची,
गाडीत, गाडीत, गाडीत, गाडीत,
आणि पलीकडच्या खोलीतून बाबा, झोपेत:
तो. तो. तो.
मी कंट्रोल-सी दाबलं.
इकडे निदान ते दाबता येतं.

तिसऱ्यांदा धावली. दोन किटल्या कॉफी झाली.
नऊ हजार दोनशे बारा ओळी.
नाव आहे, वर्ष आहे, गाणारा आहे,
लांबी सेकंदापर्यंत बरोबर.
शब्द तेवढे नाहीत.
यावर मी काही बोलणार नाही.

काही फायलींनी तर चक्क फसवलं:
रकाना भरलेला, आत नुसती एक स्पेस.
कसं काय विचारलं की 'बरंय' म्हणणाऱ्यांसारख्या.
आमच्या गावात अशी पुष्कळ.
त्यांच्यासाठी वेगळी अट घालावी लागली.

मग रित्वा आत्या आली, नाचघरातल्या जुन्या गाणेवह्या घेऊन,
दोन बोटांनी टाइप करत राहिली,
चुकलेल्या कवींना शिव्या घालत.
खाडी फुटली, आमचं जहाज धक्क्याला लागलं,
मेच्या अखेरीस यादी चाळीसवर आली, मग सातवर,
मग एकावर.

'आउनेला नको दाखवू'मध्ये, एक्केचाळीस सेकंद, बिननावाची.
आई दलदलीच्या कडेला बसून बेऱ्या निवडतेय.
बादलीत टप, टप. टेप चालू आहे हे तिला ठाऊक नाही.
गुणगुणतेय, पण शब्द घेतच नाही,
मध्येच चट्कन एक डास मारते
आणि सूर जिथे सोडला तिथूनच उचलते.

'ही वगळा,' सिनिक्काबाई म्हणाल्या, 'एका ओळीचं काम आहे.'
खरंच एका ओळीचं आहे.
घातली नाही.
दर रविवारी रात्री स्क्रिप्ट सगळं घर धुंडाळून येते
आणि ती एकच फाईल पुढ्यात ठेवते: गहाळ.

मग आम्ही ती लावतो.
बाबा पडद्याकडे बघत नाहीत, तिथे वाचायला काही नसतंच.
खिडकीबाहेर बघत बसतात
आणि डास मरायच्या अर्धा सेकंद आधी
स्वतःच्या मनगटावर चापट मारतात.